पाकिटातला ॲडम स्मिथ

धायरीत आमच्या गॅलरीतून सिंहगडावरचा दूरदर्शनचा मनोरा दिसतो. हवा स्वच्छ असेल तर. त्या रविवारी तो अगदी लख्ख दिसत होता, पण त्याच्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती. पोह्यांच्या बशा रिकाम्या झाल्या होत्या आणि माझे मेहुणे आणि माझी लेक यांच्यात युरोवरून जुंपली होती.

निमित्त आमचंच. मे महिन्यात मी आणि बायको बारा दिवसांच्या सहलीला निघालोय. पॅरिस, स्वित्झर्लंड, इटली. विमान, हॉटेल, बस, जेवण यांचे पैसे सहल कंपनीकडे भरून झालेत. वरखर्चाला दोघांना मिळून हजार युरो पुरतील असा अंदाज. हे हजार युरो घ्यायचे कुठून आणि न्यायचे कसे, एवढाच प्रश्न होता.

मेहुण्यांना आमच्याकडे सगळेच मामा म्हणतात. एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या परकीय चलन विभागात त्यांची हयात गेली. लेक हिंजवडीला आयटीत आहे, मधे वर्षभर जर्मनीत श्टुटगार्टला राहून आली. एकाने युरो काउंटरच्या आतून पाहिलेला, दुसरीने बाहेरून.

"मी उद्या कॅम्पात जातो," मामा म्हणाले. "तिथे तीन दुकानं धरायची. पहिल्याचा दर दुसऱ्याला सांगायचा, दुसऱ्याचा तिसऱ्याला, मग परत पहिल्याकडे. युरोमागे चाळीस पैसे सहज सुटतात."

"हजार युरोला चारशे रुपये," लेकीने फोन न काढता हिशेब केला. "धायरीहून कॅम्पात रिक्षाने जाऊन ये, चारशे तिथेच संपले. उड्डाणपूल झाला म्हणून सिंहगड रस्ता काही विमानतळाची धावपट्टी झालेला नाही, मामा."

"चारशे रुपये काय झाडाला लागतात? आणि प्रश्न चारशेचा नाही. फळ्यावर लिहिलेला दर हा बोलणं सुरू करायला असतो."

"मला फोनवर खरा दर दिसतोय की. त्याच्यापेक्षा दीड रुपया जास्त का द्यायचा?"

इथे मामा खुर्चीत पुढे सरकले. त्यांचा आवडता धडा आला होता.

"गुलटेकडीला मार्केट यार्डात पहाटे कांद्याचा जो भाव निघतो, त्या भावात धायरी फाट्यावरच्या गाडीवर कांदा मिळतो का? फोनवर दिसतो तो यार्डातला भाव. बँका आपसात कोट्यवधींचे सौदे करतात, त्यांचा. आमच्याकडे रोज सकाळी दरांचं पत्रक यायचं, त्याला कार्ड रेट म्हणायचे. त्यात एकाच युरोचे चार-पाच दर असायचे. तारेने पैसे पाठवायचे तर टीटी सेलिंग, तो सगळ्यात बरा. नोटा हव्या तर करन्सी सेलिंग, तो सगळ्यात महाग. का, सांग?"

"का?"

"नोट ही वस्तू आहे. ती विमानाने आणायची, तिचा विमा उतरवायचा, तिजोरीत ठेवायची, तिथे ती पडून राहते आणि तिच्यावर दमडी व्याज मिळत नाही. खोटी निघाली तर नुकसान आपलं. हा सगळा खर्च त्या दीड रुपयात आहे. आणि परत विकायला गेलीस की हाच खर्च उलट बाजूने कापतात."

"म्हणजे नोटाच घेऊ नयेत! तूच माझी बाजू मांडतोयस."

मामा क्षणभर गप्प झाले. बायकोने चहा पुढे केला.

मग लेकीने कागद ओढला आणि आम्हाला आकडे मांडून दाखवले. युरोने शंभरी कधीच ओलांडली आहे, पण हिशेब सोपा व्हावा म्हणून तिने मूळ दर १०० रुपये धरला. आपल्या साध्या क्रेडिट कार्डाने हजार युरो खर्च केले, तर बहुतेक बँका साडेतीन टक्के परकीय चलन अधिभार लावतात आणि त्या अधिभारावर १८ टक्के जीएसटी. एकूण ४.१३ टक्के, म्हणजे १,०४,१३० रुपये. नोटा १०१.५० ला मिळाल्या तर १,०१,५०० आणि वर जीएसटी. विमानतळावरच्या खिडकीतला दर १०७-१०८ निघाला तरी आश्चर्य वाटायला नको, कारण मध्यरात्री तिथे उभ्या असलेल्या माणसाला दुसरीकडे जायला जागा नसते. आणि ज्या कार्डांवर अधिभार शून्य असतो, त्यांच्यावर हेच हजार युरो लाखाच्या आसपास पडतात.

"तो नोटांवरचा जीएसटी किती?" मी विचारलं. मला वाटलं होतं, लाखावर अठरा हजार.

"तो सगळ्या रकमेवर नसतो हो, भाऊजी," मामा म्हणाले. "लाखापर्यंतच्या व्यवहारात एक टक्का ही सेवेची किंमत धरतात आणि तिच्यावर १८ टक्के. लाखाला १८० रुपये. लाखाच्या वरच्या रकमेला तर अर्धाच टक्का धरतात. पण काही दुकानदार वर 'सेवाशुल्क', 'घरपोच शुल्क' असं काही काही चिकटवतात. म्हणून दर विचारायचाच नाही. विचारायचं असं : हजार युरो माझ्या हातात पडायला माझ्या खात्यातून एकूण किती रुपये जाणार? हा प्रश्न ऐकला की समोरचा माणूस कॅल्क्युलेटर काढतो. तोवर तो नुसता गप्पा मारत असतो."

हे वाक्य लेकीनेही लिहून घेतलं. सबंध सकाळीत दोघांचं एकमत झालेली ही पहिली गोष्ट.

मामांच्या उमेदीच्या काळात दराची घासाघीस हा विषयच नव्हता. परकीय चलन मिळालं हेच भाग्य. १९७३ च्या फेरा कायद्याच्या दिवसांत किती डॉलर दिले ते पासपोर्टच्या मागच्या पानांवर शिक्का मारून लिहायचे. साठ-सत्तरच्या दशकांत परदेशी शिकायला गेलेल्या मराठी मंडळींच्या आठवणींत 'खिशात आठ डॉलर' हमखास भेटतात, ते याच धोरणामुळे. पुढे प्रवासी धनादेश रुळले. मामांच्या समोर गिऱ्हाइकाने प्रत्येक पानावर एक सही करायची, दुसरी सही परदेशात वटवताना. २००० च्या जूनमध्ये फेरा जाऊन फेमा आला, आणि २००४ पासून सामान्य माणसाला वर्षाला ठरावीक रक्कम बाहेर नेण्याची मोकळीक मिळाली. तेव्हा २५ हजार डॉलर होती, आता अडीच लाख आहे.

"अडीच लाख डॉलर!" बायको म्हणाली. "आम्हाला हजार युरोचीच काळजी लागलीय."

"पण रोख नोटा एका फेरीत साधारण ३ हजार डॉलरच्या वर नाही मिळत," मामा म्हणाले. "आणि विकत घेताना रुपये रोख द्यायचे तर ५० हजारांपर्यंतच. वर गेलं की खात्यातून."

"बघ, सरकारही सांगतंय कार्ड घ्या," लेक म्हणाली.

"कार्ड घ्या! २०१८ चा ऑगस्ट विसरलीस? आपल्या पुण्याच्या कॉसमॉस बँकेची यंत्रणा चोरांनी फोडली आणि काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून नकली कार्डांनी पैसे काढले. ९४ कोटी गेले. त्यानंतर काही दिवस बँकेला एटीएम बंद ठेवावी लागली होती. त्या दिवसांत तू रोममध्ये तेच एक कार्ड घेऊन उभी असतीस तर?"

"पैसे बँकेचे गेले, खातेदारांचे नाही."

"ते नंतर कळलं. भूक त्या दिवशी लागते."

हा मुद्दा लेकीला खोडता आला नाही. ती एवढंच म्हणाली, "म्हणून दोन कार्डं, दोन वेगळ्या बँकांची, दोन वेगळ्या पिशव्यांत." तेही खरंच. शिवाय २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने परदेशातला वापर आपण स्वतः चालू केल्याशिवाय कार्ड तिकडे चालत नाही. ते बटण घरी बसून दाबायचं. तिकडे पोचल्यावर ओटीपी इथल्या नंबरवर येणार आणि सिमकार्ड डब्यात. आणि क्रेडिट कार्डाने एटीएममधून नोटा काढायच्या नाहीत, त्यावर पहिल्या दिवसापासून व्याज चढतं.

इतका वेळ लेकीचं पारडं जड होतं. मग मामांनी हळूच विचारलं, "आणि प्रागचं काय झालं होतं गं?"

लेकीने चहाचा कप तोंडाला लावला. हे मला माहीत नव्हतं.

२०२३ मध्ये श्टुटगार्टहून मैत्रिणींबरोबर ती प्रागला गेली होती. चेक प्रजासत्ताक युरोपीय संघात असलं तरी तिथे युरो नाही, कोरुना चालतो. जुन्या शहरात चलन बदलणाऱ्या एका दुकानावर हातभर अक्षरांत '० टक्के कमिशन' लिहिलेलं. तिने शंभर युरो दिले, हातात १,९०० कोरुना आले. त्या दिवसांत खरा भाव होता २,४०० च्या आसपास. कमिशन खरंच शून्य होतं, सगळी कापाकापी दरात होती आणि दर टाचणीच्या डोक्याएवढ्या अक्षरांत. गंमत अशी की अशा दुकानांनी पर्यटकांना इतकं लुबाडलं होतं की एप्रिल २०१९ पासून तिथे कायदाच आहे : हजार युरोपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत जाऊन रद्द करता येतो, पैसे परत मिळतात.

"मग गेली का नाहीस परत?"

"ते मला परतीच्या गाडीत कळलं. चौथ्या तासाला."

मामा इतके खूश झाले की त्यांनी उरलेली शेव खाऊन टाकली.

आता मलाही बोलणं भाग होतं. २०१९ मध्ये आम्ही दुबईला गेलो होतो. एका मॉलमध्ये सहाशे दिरहमची खरेदी झाली, कार्ड लावलं, आणि मशीनच्या पडद्यावर विचारणा आली : दिरहम की रुपये? मी बेधडक रुपयांवर बोट ठेवलं. परक्या गावात कुणी मराठी बोललं की आपण विरघळतो, तसंच ते. आपले रुपये दिसले आणि बरं वाटलं. घरी येऊन हिशेब केला तेव्हा त्या एका बोटाने जवळजवळ सातशे रुपये गेले होते. रुपयांत बदलण्याचं काम तिथल्या मशीनवाल्याने त्याच्या दराने केलं, आणि माझ्या बँकेने परदेशात रुपयांचा व्यवहार केला म्हणून वर थोडं निराळं कापलं.

"बाबा! तू कधी सांगितलं नाहीस!"

"तू तरी प्राग कुठे सांगितलंस?"

या एका बाबतीत मामा आणि भाची दोघंही एका सुरात बोलले. कुठल्याही देशात, दुकानात असो की एटीएमवर, पडद्यावर रुपये आले की नाही म्हणायचं. तिथल्या चलनातच द्यायचं.

बायकोचा प्रश्न वेगळा होता. "थोडं थांबलो तर युरो खाली नाही का येणार? डिसेंबर २०२५ मध्ये डॉलर नव्वदच्या वर गेला तेव्हा सगळे म्हणत होते की थांबा."

"ताई, उद्याचा दर मला कळत असता तर मी पेन्शनवर असतो का? निम्मे आता घ्या, निम्मे निघायच्या आधी. कुठे चुकलं तरी निम्मंच चुकेल."

लेकीला यातही फट दिसली. "निम्मे-निम्मे म्हणजे कॅम्पात दोन फेऱ्या." पण तिने ते फारसं ताणलं नाही, कारण तिला दुसरी एक युक्ती सुचली होती. आमच्या वरच्या मजल्यावरचं जोडपं फेब्रुवारीत युरोपाहून परतलं, त्यांच्याकडे तीनशे युरो उरलेत. त्यांना विकायचेत, आम्हाला घ्यायचेत. ना त्यांना तोटा ना आम्हाला. फोनवर दिसतो त्या दराने यूपीआयने पैसे द्यायचे. "मधला दलालच नाही. याच्याहून चांगला दर अख्ख्या पुण्यात मिळणार नाही."

मला ते पटलं होतं. खरं तर निम्म्या सोसायट्यांमध्ये हे असंच चालतं.

मामांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "फेमाचं तिसरं कलम. अधिकृत विक्रेत्याशिवाय दुसऱ्या कुणाशीही परकीय चलनाचा व्यवहार करता येत नाही. शेजाऱ्याशीही नाही."

"तीनशे युरोसाठी कोण येणार आहे विचारायला?"

"कुणी नाही येणार. पण मी तीस वर्षं लोकांना फॉर्म भरायला लावलेत, त्यामुळे मला नाही जमणार. आणि दुसरं सांगू? त्या नोटांत एखादी खोटी निघाली तर वरच्या मजल्यावर जाऊन भांडणार आहात का? दुकानाची पावती असते. परत आल्यावर उरलेले विकताना तीच पावती कामाला येते."

चाळीस पैशांसाठी तीन दुकानं पालथी घालणारा माणूस इथे दीड रुपया सोडायला तयार होता. लेक त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "ठीक आहे. पण मग तुझा आग्रह दराचा नाहीच, मामा. तुला दुकानात जाऊन बोलायला आवडतं."

"आवडतं," मामा म्हणाले. "त्यात काय?"

एव्हाना साडेअकरा झाले होते. किती रोख आणि किती कार्डावर, यावर गाडी आली. तिथे दोघांचं ज्ञान खरंच उपयोगी पडलं. स्वित्झर्लंडमध्ये युरो पुष्कळ ठिकाणी घेतात, पण सुटे परत देतात ते फ्रँकमध्ये, आणि दर त्यांचा. परकीय चलन आधीच भरून न्यायच्या फॉरेक्स कार्डावर नुसते युरो भरले आणि फ्रँकमध्ये खर्च केला तर कार्डवाले पुन्हा साधारण साडेतीन टक्के लावतात. म्हणून कार्डात दोन खिसे, एक युरोचा, एक फ्रँकचा. नोटा लहान घ्यायच्या, पाच-दहा-वीसच्या. हमरस्त्यावरच्या स्वच्छतागृहात साधारण युरोभर मोजावा लागतो, आणि सहलीत साठीच्या पुढची चाळीस माणसं असली की हा खर्च आयफेल टॉवरपेक्षा महत्त्वाचा. पाचशेची नोट कुणी दिली तरी घ्यायची नाही. २०१९ पासून ती काढणंच बंद झालंय, जुन्या चालतात, पण दुकानदार तोंड वाकडं करतात.

"बँकॉकला निघाला असतात तर उलटं सांगितलं असतं," मामा म्हणाले. "भाट इथे फार कुणी विकत घेत नाही, म्हणून दुकानदार मधलं अंतर मोठं ठेवतो. तिथे शंभराच्या कोऱ्या डॉलर नोटा न्यायच्या आणि गावात बदलायच्या. छोट्या नोटेला दर कमी, शंभराला जास्त. घडी पडलेली, शाई लागलेली नोट तर परतच करतात."

"आणि उरलेल्याचं काय?" लेकीने विचारलं. "दोनशे युरो परत आणले तर घेतानाचा आणि विकतानाचा फरक मिळून सातशे रुपये सहज गेले. तुझे चाळीस पैसे दोन वर्षांचे."

"कशाला विकायचे? दोन हजार डॉलरपर्यंतच्या नोटा घरात ठेवायला परवानगी आहे. पुढच्या वेळी लागतात."

असं म्हणून मामांनी स्वतःचं पाकीट काढलं आणि आतल्या कप्प्यातून, एलआयसीच्या कार्डामागून, चार घड्यांची एक जांभळट नोट बाहेर आली. वीस पौंड. २०१४ मध्ये ते मुलाकडे लेस्टरला गेले होते, तेव्हाची उरलेली. पुढच्या वेळी लागेल म्हणून ठेवली. मुलगा भारतात परतला, पुढची वेळ आली नाही.

लेकीने नोट उलगडली. मागच्या बाजूला विग घातलेला एक गृहस्थ, चेहरा एका कडेकडे वळवलेला.

"हा कोण?"

"ॲडम स्मिथ. 'वेल्थ ऑफ नेशन्स'वाला. आमच्या बी.कॉम.ला होता."

"मामा, ही कागदी आहे. आता प्लास्टिकच्या नोटा असतात. कागदी विसाच्या नोटा सप्टेंबर २०२२ च्या शेवटी बाद झाल्या."

"माहीत आहे. बँक ऑफ इंग्लंड कधीही बदलून देते, मुदत नाही."

"ती बँक लंडनला आहे."

मामांनी नोट घेतली, त्याच जुन्या घड्यांवर घडी घातली आणि परत आत ठेवली. आजच्या भावाने दोन हजारांच्या वर होतात. चारशेचा विषय कुणी पुन्हा काढला नाही.

मग हजार युरोची फोड अशी झाली : तीनशे रोख, बाकीचे फॉरेक्स कार्डावर दोन खिशांत, आणि अडीअडचणीला एक क्रेडिट कार्ड, लेकीने शोधून दिलेलं, बिनअधिभाराचं. टीसीएसची, म्हणजे चलन विकतानाच वसूल करायच्या आगाऊ कराची, भानगड नाही, वर्षाला १० लाखांच्या आत चलन घेतलं की तो लागत नाही.

सोमवारी आम्ही कॅम्पात गेलो. पासपोर्ट, पॅन आणि तिकीट माझं लागणार म्हणून मलाही जावं लागलं. लेकीचा रिक्षाचा हिशेब पहिल्याच पायरीला चुकला. मामा पीएमपीने गेले, त्यांच्याकडे ज्येष्ठ नागरिकांचा पास आहे. तीन दुकानं झाली, पहिल्याकडे परत येणं झालं. पस्तीस पैसे सुटले, तीनशे युरोला १०५ रुपये. पावती घेतली, नोटा दोनदा मोजल्या. मग ईस्ट स्ट्रीटवर कयानीची बिस्किटं घेतली, ती १०५ च्या कितीतरी पुढे गेली.

निघताना मामांनी दुकानदाराला ती नोट दाखवलीच. त्याने ती उजेडात धरली, उलटी केली, ॲडम स्मिथकडे पाहिलं आणि हसून परत दिली. दुपारच्या बसने आम्ही धायरीला आलो. स्वारगेटच्या पुढे दोघांनाही बसायला जागा मिळाली.